गड म्हणजे सीसीटीव्ही नव्हे : राखणीचा इतिहास आणि नोंदीचा मालक

१/२०
लोहगडासह बारा किल्ले ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि गडकोटांच्या कौतुकाला उधाण आले. त्या कौतुकात एक वाक्य हमखास भेटते : ‘गड म्हणजे त्या काळचे सीसीटीव्ही.’ वाक्य चटकदार आहे. परंतु इतिहास म्हणून ते चुकीचे आणि वर्तमानासाठी घातक आहे. नजर असली की राखण झाली, असा समज ते रुजवते. त्या समजाची किंमत आज मावळातच, लोहगडाच्या घेऱ्यापासून लोणावळ्याच्या बंगल्यांपर्यंत, मोजली जात आहे. त्याचा हा प्रतिवाद.

२/२०
लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची या किल्ल्यांवरून पवन मावळ आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटा नजरेत येत, हे खरेच. पण गड राखला जाई तो केवळ नजरेने नव्हे. सभासद बखरीतील गडाची व्यवस्था पाहावी. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एका दर्जाचे अंमलदार. कारभार तिघांनी मिळून करायचा. कोठार व सामानसुमानासाठी कारखानीस निराळा. हवालदाराच्या हाती किल्ल्या, सबनिसाच्या हाती कागद. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

३/२०
या रचनेतील सबनीस हा दुर्लक्षित माणूस आहे. हजेरीपट आणि हिशेब त्याच्याकडे. टेहळणी करणाऱ्याने काय पाहिले, यापेक्षा त्याची नोंद कोणी ठेवली आणि ती कोठे राहिली, याला राज्यकारभारात अधिक वजन होते. लोहगडाचा हजेरीपट परमुलखातल्या एखाद्या सावकाराच्या पेढीवर ठेवला आहे आणि तो पाहायला हवालदाराला दरमहा शुल्क भरावे लागते, अशी कल्पना करून पाहावी. सतराव्या शतकातल्या कोणाही शहाण्या माणसाला ती वेडगळ वाटली असती. एकविसाव्या शतकात तिला ‘सोय’ म्हणतात.

४/२०
गडाखाली, गावातही हेच तत्त्व होते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे वर्णन आहे. रात्रीची गस्त, येणाऱ्याजाणाऱ्याची माहिती आणि चोरी झाल्यास माग काढणे, ही त्याची कामे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत पोहोचला की जबाबदारी त्या गावाच्या जागल्यावर जाई. माग लागला नाही, तर नुकसानीच्या भरपाईचा बोजा राखणदारावर आणि गावावर येई. पाहणाऱ्याला उत्तर द्यावे लागे, आणि उत्तर मागणाऱ्याला तो समोर सापडे.

५/२०
या व्यवस्थेला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. ती जातीवर उभी होती आणि तिचा भार रामोशी, महार, कोळी यांच्या खांद्यावर होता. इंग्रजी अमलात पुण्याच्या बंगल्यांवर रामोशी राखणदार ठेवण्याची चाल पडली. आणि ज्यांच्या भरवशावर साहेब निर्धास्त झोपत, त्यांच्याकडेच जन्मजात चोर म्हणून पाहण्याची दृष्टीही त्याच राजवटीची. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज ‘रामोशी’ हे नाव आहे; ‘विमुक्त’ म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचातून १९५२ साली सुटलेले. राखणदारावर पहिला संशय घेण्याची खोड जुनी आहे. हा धागा शेवटी पुन्हा हाती घ्यावा लागेल.

६/२०
आता दफ्तराकडे. मार्च १८१८ मध्ये विसापूर आणि लोहगड लागोपाठ इंग्रजांच्या हाती गेले. किल्ले गेले तसे पेशव्यांचे दफ्तरही गेले, आणि दफ्तर जाण्याचा परिणाम अधिक खोल ठरला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांच्या सनदा तपासण्याचे अधिकार मिळाले. घराण्याघराण्यांच्या जमिनी खऱ्या की खोट्या, हे ठरवताना पुरावा म्हणून सरकारच्या ताब्यातील तेच दफ्तर उघडले जाई. कागद मराठ्यांच्या कारकुनांनी लिहिलेले. त्यांचा अर्थ लावणारा आणि ते दाखवायचे की नाही हे ठरवणारा मात्र परका. अनेकांची इनामे या तपासणीत गेली.

७/२०
आणि याच्या उलट उदाहरण वि. का. राजवाडे यांचे. पेशवे दफ्तर एतद्देशीय अभ्यासकांना मोकळेपणाने पाहता येत नव्हते, त्या काळात राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर, देव्हाऱ्यांशेजारच्या पेट्यांत, बासनांत गुंडाळलेले घरोघरचे कागद त्यांनी मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे संख्या बावीसवर गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरकारी दफ्तरातील निवडक कागदांचे गो. स. सरदेसाईसंपादित खंड १९३० नंतर बाहेर आले. तोवर मराठ्यांचा इतिहास तगला तो घरच्या दफ्तरांवर.

८/२०
इतिहासातून वर्तमानाला काही शिकायचेच असेल, तर ते हे : डोळा आणि दफ्तर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॅमेरा हा डोळा. त्याने पाहिलेले जेथे साठते, ते दफ्तर. लोणावळ्याच्या बाजारपेठेत डोळे मुबलक विकले जातात. ‘आठ कॅमेरे लावले’ असे अभिमानाने सांगितले जाते. दफ्तर कोठे आहे, हे विचारले की बहुतेकांची नजर मोबाइलकडे वळते. मोबाइलमध्ये ते नसते. मोबाइल ही खिडकी आहे; खिडकीपलीकडची खोली दुसऱ्याच्या मालकीची असते.

९/२०
या मुलखाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. तुंगार्ली, वळवण, खंडाळा, कुरवंडे आणि पवना जलाशयाच्या काठाने बंगल्यांची गर्दी आहे. मालक मुंबईत किंवा पुण्यात. घर राखणारा माळी वा केअरटेकर जवळच्या गावातला. शनिवार-रविवारी भाड्याने उतरणारी कुटुंबे तिसऱ्याच शहरातली. फाटक, व्हरांडा, तरणतलाव यांवर कॅमेरे. म्हणजे एका बंगल्यात तीन प्रकारच्या माणसांचे जगणे नोंदले जाते आणि ती नोंद अनेकदा त्या तिघांपैकी कोणाच्याही ताब्यात नसते. ती एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर, मासिक शुल्काच्या मुदतीपुरती, कंपनीच्या अटींवर राहते.

१०/२०
हा बागुलबुवा आहे काय? मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती कॅमेरे विकणाऱ्या ‘रिंग’ कंपनीवर ठपका ठेवला की, कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहता येत होती; प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील रुग्णस्त्रियांची कॅमेराचित्रणे यूट्यूब व टेलिग्रामवरून विकली जात असल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत लातूर व सांगलीचे तरुणही होते. ज्या स्त्रियांची ती चित्रणे होती, त्यांना आपली नोंद कोठे साठते हे कोणी सांगितले असेल? तरणतलावावर कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येक बंगलेमालकाने या प्रश्नापाशी थांबावे.

११/२०
कॅमेऱ्याचा उगमही बोलका आहे. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणाचे उड्डाण दुरून पाहण्यासाठी बंदिस्त दूरचित्रवाणीचा वापर झाला; ती सत्तेची नजर होती. घरगुती सुरक्षा-कॅमेऱ्याची कल्पना मात्र न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची. वस्तीत पोलीस वेळेवर येत नसत, म्हणून तिने पतीसह १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ साली ते मिळाले. दारावरचा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, आणि दार उघडण्याची कळ तिच्याच हाती. घरचा डोळा घरच्यालाच दाखवायचा, हीच त्या शोधाची मूळ भूमिका होती. दूरचा सर्व्हर ही नंतर चिकटलेली बाब आहे.

१२/२०
पर्याय महागडा नाही. घरातला जुना पण चालू संगणक हे उत्तम दफ्तर होऊ शकते. २००८ साली स्थापन झालेल्या ऑनव्हिफ या मंचाच्या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच प्रणालीशी बोलू शकतात. झोनमाइंडर व फ्रिगेट या मुक्तस्रोत प्रणाली फुकट मिळतात. विंडोजवर चालणारी ब्लू आयरिस विकत घ्यावी लागते. कॅमेरे घरातल्या राउटरला जोडायचे, संगणकाने त्यांचे चित्रण उचलायचे आणि आपल्याच हार्ड डिस्कवर लिहायचे. हालचाल झाली तेवढेच जपायचे की अखंड लिहायचे, किती दिवसांनी पुसायचे, हे मालक ठरवतो. चित्रण घराबाहेर पडतच नाही.

१३/२०
‘मग डीव्हीआरची पेटी काय वाईट?’ हा रास्त प्रश्न. पेटीही घरातच लिहिते आणि सर्व्हरपेक्षा ती बरी. पण तिच्या आतली प्रणाली बंद असते. कंपनीने सुधारणा थांबवल्या की जुनी भोके तशीच राहतात. आणि मोबाइलवर पाहायचे तर वाट पुष्कळदा कंपनीच्या दारातूनच जाते. २०१६ साली ‘मिराई’ने मुळातले पासवर्ड न बदललेल्या अशाच हजारो पेट्या व कॅमेरे काबीज केले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. ज्यांची घरे राखायची, त्यांच्याच घरातली यंत्रे परक्याची फौज झाली. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, ती उगाच नव्हे.

१४/२०
हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने लिहीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. दोन टीबीची डिस्क अखंड चित्रणातही सुमारे तेवीस दिवस पुरते. केवळ हालचालीची नोंद ठेवली तर कितीतरी अधिक. त्यात लोणावळ्याचा पाऊस धरावा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या गावात वीज आणि इंटरनेट दोन्ही रुसतात. इंटरनेट गेले की दूरचे दफ्तर आंधळे होते. घरचा संगणक, राउटर आणि कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा यूपीएसवर असेल, तर तो काही काळ तरी लिहीत राहतो.

१५/२०
दफ्तर कोणाकडे, हा प्रश्न महाराष्ट्रातच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांची उमेदवारी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाली, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा दावा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यांचा एक पुरावा. पण त्या चित्रणाचे कायदेशीर प्रमाणपत्र देणे ज्यांच्या हाती होते, त्या यंत्रणेकडून वारंवार मागूनही ते मिळाले नाही. २०१७ साली उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि वाद दिल्लीत पोहोचला.

१६/२०
१४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले : इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुढे करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य. मात्र ज्या लॅपटॉप, टॅब्लेट वा मोबाइलवर माहिती प्रथम साठवली गेली, तो स्वतःचा असल्याचे मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सिद्ध केले आणि मूळ यंत्रच हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. घरच्या संगणकाच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद शोधावा लागत नाही. आपले दफ्तर आपल्याजवळ असलेल्या माणसाला न्यायालयात कोणाच्या मेहेरबानीवर थांबावे लागत नाही. दूरच्या सर्व्हरचा मालक कोणत्या पिंजऱ्यात येऊन उभा राहणार?

१७/२०
१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य मागितले आहे. फाइलमधून गणिताने काढलेला हा ठसा एक बिट बदलले तरी बदलतो. म्हणजे जुन्या कागदावरचा मोर्तबच. तो काढण्याची सोय साध्या संगणकातही असते. दुसरी गोष्ट घड्याळाची. जालन्याचा सारा वाद ‘तीनच्या आधी की नंतर’ यावर होता. ज्या संगणकाचे घड्याळ वीस मिनिटे मागे आहे, त्याची नोंद मिती नसलेल्या पत्रासारखी : खरी असली तरी वादात लंगडी.

१८/२०
आक्षेप येईल : चोराने संगणकच उचलून नेला तर? यावर उपाय जुनाच आहे. महत्त्वाच्या कागदाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवत. संगणक फाटकाजवळच्या खोलीत न ठेवता कुलपाआड, ओल नसलेल्या जागी ठेवावा. महत्त्वाच्या नोंदींची कूटबद्ध प्रत मालकाच्या मुंबई-पुण्याच्या घरी जावी. दुसरा आक्षेप : हे सामान्यांना जमणार नाही. ज्यांना ऑनलाइन व्यवहार, कर्जाचे हप्ते आणि बंगल्याचे आरक्षण मोबाइलवर जमते, त्यांना एक दिवस बसून पासवर्ड बदलणे, राउटरची दारे बंद करणे आणि दूरून पाहायचे तर व्हीपीएन वापरणे जमते. अडचण कौशल्याची कमी आणि आळसाची अधिक आहे.

१९/२०
तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. दफ्तर घरी आले म्हणजे ते शुद्ध झाले, असे नव्हे. घरमालकही जुलूम करू शकतो. म्हणून सबनिसाला जशा मर्यादा होत्या, तशा येथेही हव्यात. कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणाकडे नको. नोकरांच्या खोलीत, पाहुण्यांच्या शयनगृहात वा स्नानगृहाजवळ तर मुळीच नको, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार खासगी अंगांचे चित्रण हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कॅमेरे कोठे आहेत आणि नोंद किती दिवस राहते, याची मराठी पाटी फाटकावर हवी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याची सूट निव्वळ घरगुती वापरापुरती आहे. भाड्याच्या बंगल्याने तिच्या आडोशाला बसू नये.

२०/२०
आणि आता तो राखून ठेवलेला धागा. बंगल्यात काही हरवले की पहिला संशय कुरवंड्याच्या वा पवनेकाठच्या त्या केअरटेकरवर येतो. रामोशाची गोष्ट नव्या वेशात परत येते. त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा बहुधा त्याच कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो. पण शुल्काची मुदत संपल्याने तो पुसला जातो, किंवा मालकाच्या मोबाइलमागे अडकून राहतो. नोंद घरी असेल तर तीच नोंद त्याला पोलिसांसमोर दाखवता येते, आणि तशी मागण्याचा हक्क त्याला कामावर ठेवतानाच लेखी दिला पाहिजे. गडावर सबनिसाचा कागद हवालदारावर जसा चाले, तसा हवालदाराच्या बचावासाठीही चाले. हे जोवर बंगल्याबंगल्यात होत नाही, तोवर लोहगडाकडे बोट दाखवून सीसीटीव्हीच्या गप्पा मारण्याचा अधिकार कोणाला नाही.

(समाप्त)